बुरशी, लोणी आणि च्यू चाँग

नमस्कार. दूध-व्यवसाय असा विषय बघून काही जणांना वाटलं असेल की पुण्यात म्हणजे चितळ्यांवरच बोलणार, पण चितळ्यांबद्दल तुम्हीच मला चार गोष्टी जास्त सांगाल. आज मी बोलणारे न्यूझीलंडमधल्या एका चिनी दुकानदाराबद्दल, नाव च्यू चाँग.

हा मूळचा चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातला. सोन्याच्या खाणींच्या मागे आधी ऑस्ट्रेलियात गेला, मग 1860 च्या दशकात न्यूझीलंडला, दक्षिणेकडच्या ओटागो प्रांतात. सोन्यात बरेच जण बुडाले, हा लवकर शहाणा झाला आणि फेरीवाला झाला, म्हणजे गावोगाव फिरून किरकोळ वस्तू विकायच्या आणि जुनं भंगार घेऊन ते चीनला पाठवायचं. असा फिरत फिरत 1870 च्या आसपास उत्तर बेटावरच्या तारानाकी भागात पोचला.

तिथे काय चाललं होतं, तर इंग्लंडहून आलेले वसाहतवाले जंगल तोडत होते, जाळत होते, गायींसाठी कुरणं करायला. तोडलेली ओंडकी तशीच पडून कुजायची आणि त्यांच्यावर कानासारखी तपकिरी बुरशी यायची. ह्याने ती बघितली आणि ओळखली. तुम्ही हॉट अँड सावर सूप पिता ना, त्यात ते काळं, रबरासारखं कुरकुरीत काहीतरी लागतं, तीच जात. चीनमध्ये तिला खाण्यात आणि औषधात मोठी मागणी, आणि इथे ती फुकट उगवतेय. ह्याने जाहीर केलं की वाळवून आणा, मी रोख पैसे देतो.

आता ह्या 'रोख' शब्दापाशी मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या मते पुढचं सगळं तिथूनच आलं. त्या शेतकऱ्याकडे रोकडच नव्हती हो. घरी बायका लोणी काढायच्या (आपलं ताकावरचं ताजं लोणी नव्हे, मीठ घालून पिंपात दाबून भरलेलं) आणि ते गावच्या दुकानात द्यायचं, बदल्यात पीठ, साखर, चहा. दुकानदार लोण्याचा भाव स्वतःच ठरवणार, पिठाचाही स्वतःच ठरवणार, आणि हिशोब त्याच्या वहीत. त्यात दहा घरचं लोणी दहा चवींचं, कुणाचं खारट कुणाचं खवट, ते एकत्र झालं की बाहेर किंमत कोण देणार? अशा वेळी मुलाबाळांनी रानातून गोळा केलेल्या बुरशीचे खणखणीत पैसे मिळायला लागले. त्यातून कुणी कर भरला, कुणी गाय घेतली. लोक गमतीत तिला 'तारानाकीची लोकर' म्हणायचे.

बुरशीतून च्यू चाँगची दुकानं झाली, न्यू प्लिमथ, इंगलवुड, एल्थम. पण तो दुकानदारही लोणी घेतच होता, त्यामुळे रोग काय आहे हे त्याला बरोबर दिसत होतं. 1882 मध्ये 'डनेडिन' नावाचं जहाज गोठवलेलं मांस घेऊन इंग्लंडला गेलं आणि माल नीट पोचला. म्हणजे लोणीही जाऊ शकतं, फक्त ते एकसारखं पाहिजे. मग 1887 मध्ये ह्याने एल्थमला लोण्याचा कारखाना काढला, 'ज्युबिली' नावाचा, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून. दूध एका जागी आणायचं, साय यंत्रावर वेगळी काढायची, थंडाव्याची सोय करायची आणि शेतकऱ्याला दुधाचे पैसे द्यायचे. दोन-तीन वर्षांत डनेडिन शहरातल्या (जहाजाचंही नाव तेच) मोठ्या प्रदर्शनात निर्यातीच्या अर्धा टन लोण्यासाठी चांदीचा कप ह्याच्याच लोण्याला मिळाला. गायी आणि जमीन ह्याची, राबणूक दुसऱ्याची, उत्पन्न वाटून, ही पद्धत तिकडे सुरू करणाऱ्यांतही त्याचं नाव घेतात, आपल्याकडे वाट्याने शेती देतात तसंच.

आणि मग सहकार आला. इथे मला माहितीये काही जणांच्या भुवया वर जाणार, कारण आपण अमूलची गोष्ट ऐकत मोठे झालो, 1946, खेडा जिल्हा, पोल्सन ही दूध घेणारी कंपनी खासगी आणि शोषण करणारी, संघ शेतकऱ्यांचा. तिथे ते खरंच होतं. पण एल्थममध्ये खासगी माणसानेच आधी पैसे हातात ठेवले, कारखाना चालतो हे दाखवलं, आणि 1890 च्या दशकात त्याच शेतकऱ्यांनी स्वतःच्या सहकारी डेअऱ्या काढल्या आणि दूध तिकडे वळलं. कारखाना हातातून गेला. मला त्यात शेतकऱ्यांचं चुकलं असं वाटत नाही, स्वतःच्या डेअरीत नफा स्वतःकडे राहतो, साधा हिशोब आहे.

मला खटकतं ते वेगळंच. हा लोणी पाठवत होता त्याच काळात तिथे चिनी माणसाला देशात शिरायला डोईपट्टी होती, 1881 मध्ये दहा पौंड, 1896 मध्ये शंभर. हा आधीच आलेला म्हणून सुटला. 1898 मध्ये म्हाताऱ्यांना पेन्शन सुरू झाली, त्यातून चिनी लोक वगळले. आणि त्याच देशात तारानाकीच्या लोकांनी च्यू चाँगला म्हातारपणी मानपत्र आणि सोन्याच्या नाण्यांची थैली दिली. लोकांचं प्रेम खोटं नव्हतं, कायदाही खोटा नव्हता, दोन्ही एकाच वेळी चालू होतं. 1920 मध्ये तो न्यू प्लिमथला वारला. डोईपट्टीबद्दल सरकारने माफी मागितली ती 2002 मध्ये, पंतप्रधान हेलन क्लार्क असताना.

मागे हात वर झालाय, पोल्सनवरच असणार प्रश्न, माईक द्या त्यांना.