दहा महिन्यांची लेक

(विद्यार्थी अदलाबदल योजनेत परदेशी मुलांना घरी ठेवून घेणाऱ्या नव्या यजमान कुटुंबांसमोर कोल्हापुरात केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

मंडळी, मला विषय दिलाय 'यजमान कुटुंबाची तयारी'. त्यावर येतेच. पण आधी 'अतिथी' या शब्दाबद्दल बोलल्याशिवाय मला पुढं जाववणार नाही. ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी. आपल्याकडं येणाऱ्या मुलांची येण्याची तिथी ठरलेली, परतीचं तिकीटही काढलेलं. त्यांना अतिथी म्हणून देव्हाऱ्यात बसवलं की पोरांचे हाल होतात. आमच्याच घरात झालेत.

२०१४ मध्ये जर्मनीची सोळा वर्षांची मुलगी आमच्याकडं आली. जेवण झालं की खोलीत जायची आणि दार लावून घ्यायची. आमच्यात दार लागतं ते कपडे बदलायला, नाहीतर भांडण झाल्यावर. सासूबाई दाराशी उभ्या. "रुसली काय गं पोरगी? कोण काय बोललं?" मग लाडू आत गेला. अर्ध्या तासानं चहा गेला. मग मी, मग धाकटा. चार दिवस मला झोप नाही; वाटायचं, पोरीला आपलं घर आवडलं नाही. शेवटी विचारलं तर तीच चकित. त्यांच्याकडं खोलीचं दार लावलेलंच असतं, त्यात राग नसतो. उलट तिचीच तक्रार होती. ताट उचलायला गेली की आम्ही तिघं धावायचो. "घरी भांडी मी पुसते. इथं मी हॉटेलात आहे," असं म्हणाली आणि रडली.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी तिच्यापुढं काटवट सरकवली. पहिली भाकरी उचलतानाच मोडली, दुसरी तव्यावर दुमडली. तिसरीवर पाणी फिरवताना बोट भाजलं. सासूबाईंनी ती वेडीवाकडी भाकरी दुसऱ्या कुणाला दिली नाही, स्वतःच्या ताटात घेतली.

भाषेचंही सांगते. जर्मनमध्ये आपल्यासारखाच 'तू' आणि 'तुम्ही' हा भेद आहे, त्यामुळं ती सगळ्यांना जपून 'तुम्ही' म्हणायची. तिसऱ्या महिन्यात एका रात्री तिनं हाक मारली, "आज्जी, तू जेवलीस का?" सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी. आणि पुस्तकात 'मी येते' शिकून आलेली पोरगी कॉलेजातनं परतली ती "मी येतो" म्हणत! हसताय ना? मग कळलं असेल, अस्सल कोल्हापूरची झाली.

विद्यार्थ्यांची अशी अदलाबदल करणाऱ्या एका संस्थेची सुरुवात कशी झाली, तेही बघा. एएफएस म्हणजे मूळची अमेरिकन फील्ड सर्व्हिस. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी सैनिक वाहून नेणारे ते स्वयंसेवक. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ पासून, त्यांनीच शाळकरी मुलांना परक्या देशातल्या घरांत राहायला पाठवायला सुरुवात केली. पर्यटन हवं असतं तर त्यांनी हॉटेलं शोधली असती.

माझं एक दुखणं आहे. तिच्या कॉलेजनं दर कार्यक्रमाला तिला नऊवारी नेसवून समई लावायला उभं केलं, पण वर्गात एकदाही प्रश्न विचारला नाही. कृपा करून...

बरं, चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तयारीचं भराभर सांगते. आमच्या वेळी मूल घरात आल्यापासून २४ तासांत सी फॉर्म, म्हणजे परदेशी पाहुणा घरी राहायला आल्याची सरकारला द्यायची माहिती, भरावा लागायचा आणि १८० दिवसांपेक्षा लांबच्या व्हिसाला १४ दिवसांत परदेशी नागरिकांची नोंदणी. आताचे नियम पोलीस कार्यालयात आधीच विचारून घ्या.

रोटरी क्लबच्या विद्यार्थी अदलाबदल योजनेत यजमानाला पैसे मिळत नाहीत, हे घरात सगळ्यांना माहीत असू द्या; नाहीतर कुणीतरी हिशेब काढतं. मूल वर्षात दोन-तीन घरं बदलतं, तेव्हा पुढच्या घराशी तुलना नको. गाडी चालवणं, दारू, प्रेमप्रकरण आणि अमली पदार्थ, या चार गोष्टींना बंदी. ती पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. रोज घरी फोन लावत असेल तर रागावू नका, पण हळूहळू कमी करायला लावा.

आणि काम द्या. पहिल्या आठवड्यातच. लसूण सोलायला, दूध आणायला, काहीही. दार बंद दिसलं तर एकदा टकटक करा, उत्तर आलं नाही तर परत फिरा. लाडू आत पाठवू नका. जेवायच्या वेळी ती आपसूक बाहेर येते.