रेस किती ठेवायची? छोटी बोट, आउटबोर्ड इंजिन आणि मुंबईचं पाणी

ही फायबरची होडी वरळी कोळीवाड्यातून निघालीये. मागच्या पाटीवर आउटबोर्ड इंजिन, आत जाळी, बर्फाचा टब, पेट्रोलचा कॅन आणि दोन माणसं. आता हॅण्डल किती पिळायचं, म्हणजे इंजिनला रेस किती द्यायची? प्रश्न रोजचा आहे आणि इंजिनच्या कव्हरवर याचं उत्तर नसतं, तिथे फक्त हॉर्सपॉवर लिहिलेला असतो. ज्या स्पीडला इंजिन तासन् तास दमत नाही आणि समोर काही आलं तर बोट वेळेत थांबते किंवा वळते, तो स्पीड ज्याने त्याने आपल्या बोटीवर, आपल्या नेहमीच्या लोडसकट शोधावा लागतो, शेजारच्या बोटीचा आकडा उचलून चालत नाही.

शोधायला सुरुवात करायची ती फुल्ल थ्रॉटलपासून. सपाट पाणी, मोकळी जागा, बोटीत रोजचा लोड, आणि थोडाच वेळ पूर्ण रेस देऊन आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाला फेरे, बघायचा. बऱ्याच फोर स्ट्रोक आउटबोर्डना कंपनी फुल्ल थ्रॉटलसाठी ५००० ते ६००० अशी रेंज देते, तुमच्या मॅन्युअलमध्ये जी असेल ती धरा. छोट्या इंजिनांना मीटर नसतो बहुतेक, पण प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा आरपीएम मीटर मिळतो, तो लावून घ्याच. नुसत्या आवाजावर रेस ओळखणारे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, आहेत आणि त्यांचा कान खरंच तयार असतो, पण वारा समोरून असला की आवाज फसवतो, आणि नवीन फोर स्ट्रोक इंजिनं तर इतकी शांत झालीयेत की कानाला काही धरताच येत नाही.

आता समजा रेंज ५००० ते ६००० ची आहे आणि तुमचं इंजिन फुल्ल देऊनही ४६०० लाच अडकलंय, तर पंखा (पाण्यातला, बोट ढकलणारा प्रोपेलर) जड पडतोय किंवा लोड जास्त झालाय. भरलेला टेम्पो चौथ्या गिअरमध्ये घाट चढवावा तसं चाललंय ते. आवाज कमी येतो म्हणून वाटतं इंजिन आरामात आहे, पण आत पिस्टनवर ताण येत असतो, उष्णता वाढत असते, कार्बन धरत असतो. मग कमी पिचचा पंखा लावायचा. पिच म्हणजे पाण्यात जराही घसरला नाही तर एका फेऱ्यात पंखा किती इंच पुढे जाईल तो आकडा, आणि १ इंच पिच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. उलट इंजिन ६००० च्या वर पळालं तर पिच वाढवायचा. हे नीट बसल्याशिवाय पुढचा हिशोब करण्यात अर्थच नाही.

धरा, पंखा बदलून फुल्लला ५५०० आले. त्याचे ७० ते ७५ टक्के म्हणजे ३८५० ते ४१०० च्या आसपास, इथे बहुतेक इंजिनं लांबचा पल्ला शांतपणे काढतात. पंख्याला लागणारी ताकद साधारण रेसच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ७५ टक्के रेसला पूर्ण ताकदीच्या निम्म्याहून कमीच लागते, आणि शेवटच्या त्या २५ टक्क्यांसाठी पेट्रोल अक्षरशः ओतावं लागतं. अगदी हळू, तासन् तास चालवणंही चांगलं नाही बरं का, टू स्ट्रोकचे प्लग काळे पडतात त्याने.

पण इंजिनला परवडतं ते बोटीला परवडेलच असं नाही. पाणी कापत जाणाऱ्या बोटीला एक मर्यादा असते आणि ती लांबीवर ठरते. पाण्याला टेकलेली लांबी २० फूट असेल तर ती मर्यादा येते साधारण ६ नॉट, म्हणजे ताशी ११ किलोमीटर. त्याच्यावर रेस वाढवली की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर उठते, मागची पाटी खाली बसते, मागे मोठी लाट तयार होते, पेट्रोल जातं आणि स्पीड मात्र हलत नाही, आणि वर उठलेल्या नाळेमुळे समोरचं पाणीही दिसत नाही. हलकी बोट आणि मोठं इंजिन असेल तर ती हा टप्पा ओलांडून पाण्यावर उचलली जाते, मग लगेच रेस थोडी उतरवायची. मधे रेंगाळायचं नाही, एकतर खाली राहा नाहीतर पूर्ण वर या.

आणि मुंबईच्या पाण्यात समोर दिसणं फार महत्त्वाचं आहे. २० नॉटला बोट एका सेकंदात १० मीटर जाते. जाळ्याचा बोया, म्हणजे खुणेचा तरंगता गोळा, ५० मीटरवर दिसला तर हातात ५ सेकंद आहेत. समुद्रात टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यातला ६ वा नियम पूर्ण सेफ स्पीडवरच आहे, आणि त्यात आकडा एकही नाही. किती लांबचं दिसतंय, आजूबाजूला बोटी किती, आपली बोट किती अंतरात थांबते आणि वळते, वारा, लाटा, प्रवाह, खाली पाणी किती, हे सगळं बघून ठरवा म्हणतो तो नियम. रात्री किनाऱ्यावरच्या दिव्यांचा उजेड मागे असतो, तोही धरा म्हणतो. मरीन ड्राइव्हच्या किंवा वांद्र्याच्या झगमगाटासमोर लहान बोटीचा एकटा दिवा कसा हरवतो हे रात्री बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाला माहितीये, त्यामुळे रात्री परत येताना दिवसाचा स्पीड ठेवूच नका.

१८ डिसेंबर २०२४ ला इंजिनची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट एलिफंटाला निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीवर आदळली, माणसं गेली. म्हणून हात जोडून सांगणं आहे, ती फुल्ल थ्रॉटलची ट्रायल प्रवासी फेरीबोटींच्या वाटेवर, धक्क्याजवळ कधीच घेऊ नका. किल स्विचची, म्हणजे ओढली गेली की इंजिन बंद करणारी, दोरी मनगटाला आणि लाइफ जॅकेट अंगात, सगळ्यांच्या.

आता पुढे कोस्टल रोडचे खांब दिसतायत. वरळी कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड बंदराच्या इथे बोटी ज्यांच्या मधून जातात त्या दोन खांबांमधलं अंतर आधी ६० मीटर ठरलं होतं, वरळीच्या मच्छीमारांनी ते मान्य केलं नाही, काम अडवून धरलं, आणि शेवटी ते १२० मीटर झालं. त्यांचं म्हणणं किती खरं होतं ते आकड्यात बघा. ३ नॉटने १०० मीटर जायला ६५ सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात २ नॉटची आडवी ओढ, म्हणजे पाण्याचा प्रवाह, बोटीला ६५ मीटरच्या वर बाजूला नेते. ६ नॉटने गेलात तर सरकणं निम्म्यावर येतं. शिवाय आउटबोर्डला वेगळं सुकाणू नसतं, पंख्याच्या जोरावरच बोट वळते, रेस एकदम सोडली की वळणंही गेलं. म्हणजे हळू म्हणजे सेफ हे इथे लागू पडत नाही, ओढ आडवी असली की हातात थोडा जोर राखून जायचं.

ओढ समोरून असली की पेट्रोलचा हिशोब बदलतो. पाण्यात ६ नॉट, समोरून २ नॉट, म्हणजे जमिनीच्या हिशोबाने ४ च, आणि १ तासाची वाट दीड तासाची होते. मोबाइलचा जीपीएस हा खरा स्पीड दाखवतो. एक भाग जायला, एक यायला, एक राखीव, असे टाकीचे तीन भाग धरायचे, आणि उधाणाच्या दिवसांत राखीव भागाला हात लावायचाच नाही.

मागे बघा, इंजिनमधून पाण्याची बारीक धार पडतेय. थंड करणारं पाणी फिरतंय याची ती खूण. माहीमच्या खाडीत, मिठीच्या तोंडाशी प्लॅस्टिक इतकं आहे की एक पिशवी इंजिनच्या पाणी ओढणाऱ्या जाळीवर बसली तरी ही धार बंद होते, मग रेस कितीही बरोबर असू दे, इंजिन गरम होऊन जाम होणार. दर थोड्या वेळाने मान वळवायची, धार बारीक झाली की लगेच रेस खाली, इंजिन बंद, वर उचलून जाळी साफ.

पावसाळ्याची बंदी संपून बोट परत पाण्यात उतरवाल तेव्हा ही ट्रायल पुन्हा घ्या. बुडाला शेवाळ आणि कवच धरलेलं असतं, पंख्याचं पातं कुठेतरी वाकलेलं असतं, आणि मागच्या वर्षी ५५०० देणारं इंजिन यंदा ५१०० च देईल. तसं झालं तर आधी बूड खरवडा, पातं सरळ करून घ्या, आणि मगच नवा आकडा काढून मार्करने हॅण्डलजवळ लिहा, म्हणजे त्या दिवशी बोट दुसरा कोणी चालवत असला तरी त्यालाही तो दिसेल.