हनुवटीचे टाके आणि कानापुढचा सांधा

जबडा जखडून तोंड उघडत नाही अशा मुलांवर मी ऑपरेशन करतो. मघाशी एका ताईंनी विचारलं, "तोंड उघडायचं ऑपरेशन झालं की हनुवटीचं वेगळं कशाला? ते दिसण्यापुरतंच ना?" तिथूनच सुरुवात करतो.

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा-मिटा. बोटाखाली हलतोय तो जबड्याचा सांधा. मूल ओट्यावरून हनुवटीवर पडतं, जखम हनुवटीला दिसते. धक्का मात्र या सांध्यापर्यंत जातो. आत हाडाचं टोक चिरडतं, रक्त साकळतं आणि पुढे तिथे हाड धरून जबडा कवटीला चिकटतो. हाच अँकिलोसिस. कानातला पू आत पसरूनही असं होतं. कोवळ्या वयात सांधा जखडला की खालच्या जबड्याची वाढ खुंटते. वरचा चेहरा वाढत राहतो, हनुवटी मागे पडते.

आता ताईंचा प्रश्न. जिभेचा मोठा स्नायू हनुवटीच्या आतल्या बाजूला बांधलेला असतो. हनुवटी मागे, तर जीभही मागे. आणि जिभेच्या मागे श्वासाची वाट. माझ्याकडे आलेली नऊ वर्षांची एक मुलगी पडलेल्या दाताच्या फटीतून पोळीचे तुकडे आत सारायची. आईला काळजी जेवणाची. मी झोपेचं विचारलं तेव्हा म्हणाली, "बसूनच झोपते. आडवी केली की घोरते, मध्येच श्वास थांबतो, दचकून उठते." ते ऐकून माझ्याच पोटात गोळा आला.

श्वास असा अडकत असेल, तर मी आधी जबडा पुढे आणतो, मग सांधा सोडवतो. झोप बिनघोर असेल तर सांधा आधी. या क्रमावर आम्हा सर्जनांमध्ये मतभेद आहेत, पण गुदमरणाऱ्या लेकराला थांबायला लावणं मला पटत नाही.

जबडा पुढे आणायचा तो हाड ताणून वाढवून. ही पद्धत हाडांचे डॉक्टर इलिझारोव्ह यांनी सायबेरियातल्या कुर्गानला हातापायांच्या हाडांवर विकसित केली. न्यूयॉर्कचे प्लास्टिक सर्जन मॅकार्थी यांनी १९९२ मध्ये मुलांच्या खालच्या जबड्यावरचे तिचे अनुभव प्रसिद्ध केले. जबड्याचं हाड दोन्हीकडे कापून स्क्रूचं यंत्र बसवायचं, पाचेक दिवस थांबायचं, मग रोज एक मिलिमीटर: अर्धा सकाळी, अर्धा संध्याकाळी. फटीत नवं हाड धरतं. त्या मुलीचा स्क्रू तिचे वडील फिरवत. पहिल्या दिवशी त्यांचा हात थरथरत होता; आठवड्याने ती स्वतःच हनुवटी वर करून बसायची. ताणणं संपल्यावर हाड पक्कं होईपर्यंत यंत्र दोन-तीन महिने तसंच ठेवावं लागतं.

मग सांधा. जोडलेलं हाड काढून मधे कानशिलाच्या स्नायूचा पडदा घालतो. लगेच व्यायाम सुरू. दातांमध्ये आइस्क्रीमच्या काड्या, हळूहळू एकेक वाढवत. दुखतं, मूल रडतं, आईचा जीव तुटतो आणि व्यायाम बंद पडतो. सांधा पुन्हा जखडण्याचं हे मोठं कारण आहे, म्हणून महिनोन् महिने नेटाने करायचं. वाढ पूर्ण झाल्यावर हनुवटी तरीही मागे असेल, तर तिचं हाड कापून पुढे सरकवता येतं.

आशाताईंनो, शिक्षकांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. हनुवटीला टाके पडलेलं मूल दिसलं, तर सांध्याचा एक्स-रे झाला का विचारा. टाके सुकल्यावरही काही महिने अधूनमधून त्याला तोंड उघडायला लावा. तीन बोटं उभी आत जायला हवीत. बोटं त्याची, तुमची नव्हेत.