पट्ट्यांचा शिकारी : काई केन

(यामानाशी, जपान. पानगळीचं जंगल, उतार.)

या उतारावर एक कुत्रं उभं आहे. ते हललं, तेव्हाच कॅमेऱ्याला सापडलं.

काळ्या अंगावर तांबूस पट्टे, भोवती वाळलेला पाला आणि झाडांच्या सावल्या. हे काई केन. टोकियोच्या पश्चिमेला, पूर्वीच्या काई प्रांतातल्या, म्हणजे आजच्या यामानाशीतल्या, डोंगरांनी घडवलेली शिकारी जात.

(पिल्लं.)

पिल्लं मात्र जवळजवळ काळीच. पट्टे वाढत्या वयात उमटतात. गडद पट्ट्यांचा तो कुरो-तोरा, तांबूस तो आका-तोरा, मधला चू-तोरा.

(खडकावरची चढण.)

आता मागचे पाय बघा. काय ताकद आहे! हे पाय कामोशिकाच्या मागे धावून तयार झालेत. कामोशिका म्हणजे कड्याकपारींत राहणारा, शेळीच्या कुळातला रानटी प्राणी. १९५५ मध्ये त्याला जपानमध्ये विशेष संरक्षण मिळालं. रानडुकराची शिकार अजून चालते. कुत्रं डुकराला अडवतं, भुंकत राहतं, बंदूकवाला पोहोचेपर्यंत जागचं हलू देत नाही. कुठे पुढे जायचं, कुठे मागे सरायचं, हे त्याचं तेच ठरवतं. असं डोकं असलेलं जनावर साखळीला बांधून ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

१९३१ मध्ये या जातीसाठी 'काई केन आइगोकाई' ही संस्था उभी राहिली. १९३४ मध्ये सरकारने या जातीला नैसर्गिक स्मारकाचा, म्हणजे जपायच्या नैसर्गिक वारशाचा, दर्जा दिला. त्याच वर्षी तोच दर्जा मिळालेली 'कोशी-नो-इनु' ही जात पुढे नामशेष झाली.

(अंगण. केस विंचरणं.)

केसांचे दोन थर असतात. ऋतू पालटला की आतली लव अशी झुबक्यांनी गळते. तेव्हा रोज विंचरायचं. सारखी अंघोळ नको. डासांच्या दिवसांत हृदयातल्या जंतांवरचं प्रतिबंधक औषध महिन्याच्या महिन्याला, न चुकता.

जीव लावतं ते बहुधा एकाच माणसाला. परक्यांशी अंतर ठेवून असतं. म्हणून लहानपणीच माणसं, इतर कुत्री, गाड्यांचे आवाज, सगळ्यांची सवय लावायची. मारून हे शिकत नाही, दुरावतं. आणि रोज भरपूर चालवायचं, जमेल तेव्हा चढावर.

(शिकारीहून परत.)

डोंगर उतरल्यावर आधी पंजे तपासायचे, मग कानांमागे गोचीड, मग सुळ्याची जखम कुठे आहे का ते. बंदूक पुसणं त्यानंतर.