त्यांना व्हिसा कोणी दिला होता?

नमस्कार मंडळी! अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिलीत, पण मी शाळा घेणारी बाई आणि हातात माईक, तेव्हा पुढचं तुम्ही समजून घ्या. बटाटेवडे गार व्हायच्या आत सोडते, एवढं नक्की.

आमचा धाकटा यंदा चौथीत आहे. पोर्टलंडकर पालकांना लगेच कळलं असेल, घरात सध्या ओरेगन ट्रेल चालू आहे, म्हणजे एकोणिसाव्या शतकात पूर्वेकडची कुटुंबं, ज्यांना पायोनियर म्हणतात, जमिनीसाठी वॅगनगाड्या घेऊन आपल्या ह्या ओरेगनात आली तो रस्ता. होमवर्क होतं की वॅगनमध्ये काय काय भराल याची यादी करा. सासूबाई चष्मा लावून बसल्याच, पीठ घे, गूळ घे, लोणच्याची बरणी घे, आणि पाटा-वरवंटा राहिला की रे! आता पाटा चढवल्यावर बैलांचं काय व्हायचं? हो, बैलच. घोडे आपल्या डोक्यात सिनेमामुळे, बहुतेकांच्या गाडीला बैल असायचे, स्वस्त, दमदार आणि वाटेतल्या गवतावर भागवणारे. म्हणून तर एप्रिल-मेमध्ये गवत वर आलं की निघायचं आणि डोंगरात बर्फ पडायच्या आत पोचायचं. मिसूरीतल्या इंडिपेंडन्सपासून इथवर साधारण ३२०० किलोमीटर, पाच-सहा महिने, वाटेत कॉलरा, आणि गाडी सामानाने भरलेली म्हणून माणसं बहुतेक पायीच. आपण कॉस्टकोत दाराजवळचं पार्किंग मिळेपर्यंत चकरा मारतो, त्यात मी पहिली.

झाडं नसलेल्या सपाट मुलखात बायका-पोरं बायसनचं वाळलेलं शेण गोळा करून त्यावर स्वयंपाक करायची, हे ऐकलं मात्र, सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई, म्हणजे गोवऱ्याच की!" झालं, सगळे पायोनियर त्यांच्या माहेरचे.

तेवढ्यात आमच्या ह्यांना ते दर गणपतीतलं भाषण सुचलं. दोन बॅगा, खिशात मोजके डॉलर, विमानतळावर ओळखीचं कुत्रं नाही, आम्हीसुद्धा पायोनियरच रे बाबा. पोरगा वहीतून मान वर न काढता म्हणाला, "पण बाबा, तुम्हाला व्हिसा मिळाला होता. त्यांना व्हिसा कोणी दिला होता?"

"जेवताना वाद नको," असं हे म्हणाले आणि मग अर्थातच वाद झाला.

आता बघा, १८४३ मध्ये हजारेक माणसं एकदम निघाली, ती मोठी लाट. १८५० मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, कायदा केला, एकट्या गोऱ्या पुरुषाला ३२० एकर, जोडप्याला ६४०, त्यात निम्मी बायकोच्या नावावर (आपल्याकडे सातबाऱ्यावर बायकोचं नाव कधी लागलं ते घरी जाऊन विचारा). पण ज्यांची ती जमीन, त्या इथल्या मूळ रहिवाशांशी करार पक्के व्हायच्या आधीच ती वाटायला सुरुवात झाली होती! जॉर्ज बुश नावाचा एक काळा शेतकरी, पैसेवाला, १८४४ मध्ये याच ट्रेलवरून गोऱ्या शेजाऱ्यांबरोबर आला, तर इथे कायदा तयार, काळ्यांनी राहायचं नाही. मग तो मंडळी घेऊन कोलंबिया नदीपलीकडे गेला. सिॲटलच्या वाटेवर टमवॉटर लागतं ना, जिथे आपण थर्मासमधला चहा काढतो, तिथे.

आणि आपण? १९१३ मध्ये इथल्याच ओरेगनमधल्या अ‍ॅस्टोरियात लाकडाच्या गिरणीतल्या पंजाबी कामगारांबरोबर गदरची, म्हणजे इंग्रजांविरुद्धच्या भारतीयांच्या चळवळीची, बैठक झाली. त्या चळवळीत आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजेही होते, हे आपल्याला पाठ, टाळ्याही वाजवतो. पण तिथेच काम केलेल्या भगतसिंग थिंडना १९२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तुम्ही गोरे नाही म्हणून नागरिकत्व नाकारलं, आणि त्याच वर्षी ओरेगनने ज्यांना नागरिक होता येत नाही त्यांना जमीन घ्यायची बंदी केली, हे कोण सांगतं? १८५० च्या रांगेत आपण उभे असतो तर एकरसुद्धा मिळाला नसता, आणि दोन बॅगावाले पायोनियर म्हणून मिरवतोय आपण!

आता कमिटीला जरा बोलते, रागवू नका. मराठी शाळेच्या सहलीला ओरेगन सिटीचं म्युझियम ठरलंय, छान आहे, जाऊच. मी म्हटलं पेंडलटनजवळ उमाटिला रिझर्वेशनवर, म्हणजे मूळ रहिवाशांसाठी राखलेल्या जमिनीवर, तामास्टस्लिक्ट म्हणून सेंटर आहे, कायूस, उमाटिला आणि वाला वाला लोकांनी स्वतः चालवलेलं, तेही घ्या. उत्तर आलं, लांब पडतं. नाटकाला सिॲटलला जाताना लांब पडत नाही, मुलं झोपलेली, परतताना रात्रीचा एक वाजलेला, तरी हाऊसफुल्ल!

मुलांना शिकवणं एकवेळ सोपं आहे, ती विचारतात तरी. मला धाकधूक वेगळीच आहे. हा मुलगा सुट्टीत गावाला जाईल. आजोबा मळा दाखवतील, विहीर दाखवतील, पणजोबांनी कसं उभं केलं ते सांगतील. आणि हा तसाच मान वर न काढता विचारेल, मळ्यात राबायचं कोण, विहिरीवर पाणी भरायला कोणाला येऊ द्यायचे नाहीत, ती घरं गावाबाहेर का. ह्यांना विचारलं काय सांगायचं, तर म्हणाले, तू शाळेची बाई, तूच बघ. सासूबाईंना अजून विचारलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाच्या घरी हे बोलणं झालं असेल तर वडे खाताना मला गाठा.