अर्धविरामानंतरचं

(एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. जाहीर झालेला विषय : 'लोकहितवादी आणि हौशी पत्रलेखकाची परंपरा')

अध्यक्षमहाराज, कार्यवाह आणि पंख्याखाली दाटीनं बसलेल्या मंडळींनो,

निमंत्रणपत्रिकेवर माझ्या नावापुढे 'लेखक' छापलंय, ते आधी खोडा. मी वर्तमानपत्रांच्या वाचक-पत्रव्यवहारात पत्रं लिहिणारा माणूस आहे. अग्रलेखाच्या शेजारी, नाहीतर शब्दकोड्याच्या वर चार बोटं जागा उरली की जी पत्रं बसवतात, ती माझी. १९८६ च्या ऑगस्टात पहिलं पत्र छापून आलं, म्हणजे या महिन्यात चाळीस वर्षं झाली. घरी दरवर्षी त्या तारखेला शेवयांची खीर होते. पहिल्या वर्षी ती योगायोगानं झाली होती. दुसऱ्या वर्षी मी आठवण करून दिली. तिसऱ्या वर्षापासून ती प्रथा आहे. यंदा ही म्हणाली, खीर आता तुमच्या वाचनालयाला करायला सांगा. म्हणून आपण इथे जमलोय. खीर नाही, भडंग आहे, पण ते व्याख्यानानंतर.

विषय लोकहितवादींचा आहे, विसरलेलो नाही. त्याआधी दोन मिनिटं माझ्या नोकरीबद्दल बोलतो, कारण छंद तिथूनच लागला.

मी रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होतो. आरएमएस म्हटलं की आताच्या मुलांना परीक्षेचं नाव वाटतं. गाडीला टपालाचा एक लाल डबा असायचा. आत भिंतभर लाकडी खण, खाली थैल्या, आणि आम्ही रात्रभर उभ्यानं पत्रं त्या त्या खणात टाकायचो. गाडी धावतेय, हात चालतोय. डब्याला बाहेरून एक फट असे. तिच्यात ऐन वेळी पत्र टाकायचं तर जादा तिकीट चिकटवावं लागे, त्याला लेट फी म्हणत. स्टेशनावर धावत येऊन त्या फटीत पत्र कोंबणाऱ्या माणसाचा चेहरा काय असतो, ते मी शेकडो वेळा आतून पाहिलंय. गाडी सुटली तरी तो तिथेच उभा राहतो. परत काढून घ्यावं का, असा.

तुम्ही पत्त्याखाली पिनकोड लिहिता ना? १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला. तो बसवणारा अधिकारी आपला कोकणातला, श्रीराम भिकाजी वेलणकर. दिल्लीत संपर्क मंत्रालयात मोठ्या हुद्द्यावर, आणि हौस कसली, तर संस्कृतात नाटकं आणि काव्यं लिहायची. देशाचे टपालाचे विभाग पाडायचे, त्यांना आकडे द्यायचे, आपल्याला ४ दिला, आणि उरलेल्या वेळात श्लोक. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. वेळ उरला तर.

तर, दुसऱ्यांची पत्रं. पोस्टकार्ड उघडं असतं. वाचायचं नाही हा नियम होता, डोळे मिटून सॉर्टिंग करायचं असा नियम नव्हता. पत्ता बघताना शेजारची ओळ दिसायचीच. 'ताईचे जमले. खर्च तुमच्या अंदाजापेक्षा कमी.' 'म्हैस गेली. बाकी ठीक.' मंडळी, 'बाकी ठीक' लिहायला केवढी छाती लागते बघा. १ जुलै १८७९ ला हिंदुस्थानात पोस्टकार्ड आलं, किंमत पाव आणा. एवढ्याशा जागेत आपल्या माणसांनी जे गद्य लिहिलंय ते कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही, कारण ते ज्याचं त्याच्या घरी गेलं आणि तारेला टोचून संपलं. आचाऱ्याची भूक मरते म्हणतात. माझं उलट झालं. हजारो पत्रं हातांखालून जायची, त्यातलं एकही मला नसायचं. वाटलं, आपणही कुणाला तरी लिहावं. नातेवाईक सगळे गावातच. मग उरला कोण? संपादक.

पहिलं पत्र पाच ओळींचं. एका सरकारी इमारतीत पाटी होती, 'स्त्रीयांसाठी', त्यातला 'स्त्री' दीर्घ. मी कळवलं की इथे ऱ्हस्व 'स्त्रि' हवा. आठव्या दिवशी छापून आलं. मुद्रितशोधक कर्तबगार होता. त्यानं माझ्या पत्रातली चूकसुद्धा सुधारली. छापून आलं ते असं : "पाटीवर 'स्त्रियांसाठी' असे लिहिले आहे. ते चूक असून तेथे 'स्त्रियांसाठी' असे हवे." खाली माझं नाव आणि पूर्ण पत्ता. महिनाभर गल्लीत लोक माझ्याशी हळुवारपणे बोलत होते.

दुसरा माणूस तिथे थांबला असता. मी वही घातली.

आता मी खरी तक्रार सांगतो. ती पस्तीस वर्षं जुनी आहे, आणि घरच्यांच्या मते मी ती दरवर्षी सांगतो. १९९१ चा मे. मेव्हण्याबरोबर गूळ बघायला एका तालुक्याच्या गावी बाजार-आवारात गेलो होतो. गावाचं नाव घेत नाही, वर्तमानपत्राचंही नाही. आवारात पाणपोई. टाकी घासलेली, पाणी गार, भोवती चिखल नाही. पण तोट्या किती उंच? माझ्याकडे छत्री होती, तिनं मोजलं, दीड छत्री. गाड्यांबरोबर आलेली पोरं खाली उभी राहून टाचा उंचावतायत, हात पोचत नाही. एक बाई डब्याच्या झाकणात पाणी धरून मुलीला पाजत होती, अर्धं तिच्या फ्रॉकवर. घरी येऊन पोस्टकार्ड लिहिलं. पंधरा पैसे. वाक्य मला तोंडपाठ आहे : "आवारातील पाणपोई स्वच्छ आहे, पाणी गार व मुबलक आहे, व्यवस्था पाहणाऱ्यांचे कौतुक केले पाहिजे; पण तोट्या इतक्या उंच आहेत की ज्यांना तहान सर्वांत जास्त लागते त्या मुलांना तिथे पाणी पिता येत नाही."

या वाक्यात मध्ये अर्धविराम आहे. मला तो तेव्हा फार आवडायचा. संपादक खात्याला जागा कमी पडली असणार. त्यांनी अर्धविरामाचा पूर्णविराम केला आणि पुढचं कापलं. वर मथळा : 'पाणपोईची उत्तम व्यवस्था'.

रविवारी सकाळी दारात जीप. बाजार समितीचे सभापती, बरोबर तिघे, शाल, नारळ, पेढ्यांचा पुडा. गावाबाहेरच्या माणसानं आपणहून कौतुक छापून आणलं, हे त्यांच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच घडलं होतं. मी बनियनवर. ही आतून विचारतेय, चहा किती जणांचा? मी खरं सांगणार होतो, खरंच सांगणार होतो, पण तोवर त्यांनी माझ्या तोंडात पेढा घातला होता. पेढा तोंडात असताना 'पण' म्हणून बघा. नाही म्हणता येत.

पंधरा दिवसांनी मुद्दाम तिथे गेलो. पाणपोईवर, बरोबर तोट्यांच्या वर, माझं पत्र फ्रेम करून लावलेलं. खाली एक पोरगं उभं. फ्रेम वाचता येत होती, पाणी मिळत नव्हतं.

मी खुलासा धाडला. आला नाही. दुसरा धाडला. आला नाही. तिसरा चार महिन्यांनी छापून आला, 'पाणपोईबाबत दुमत' या मथळ्याखाली, आणि त्यात भलत्याच गावाचं नाव. त्या दुसऱ्या गावात पाणपोईच नव्हती. तिथल्या एकानं मला उलट पत्र लिहिलं की आमची पाणपोई कुठे आहे तेवढं कळवावं.

शेवटी सभापती पुन्हा आले. जीप तीच, पुडा नाही. त्यांनी सगळी कात्रणं पाहिली होती. मी वहीतली मूळ नक्कल दाखवली, अर्धविरामासकट. त्यांनी दोनदा वाचली, बशीत चहा ओतला आणि म्हणाले, "तोंडावर सांगायचं की ओ सायेब. पंधरा पैसं कशाला घालवलासा?" आठवडाभरात तिथे दगडी पायरी बसली. फ्रेमही राहिली. दोन्ही आजही असतील.

हे मी पत्रलेखनाच्या विरोधात सांगितलं असं आमच्या कार्यवाहांचं मत दिसतंय. ते चिठ्ठी लिहितायत. आली. 'दहा मिनिटे.' बघा, यांनाही पोस्टकार्डाची शैली साधलीय.

एक बारीकशी गोष्ट सांगून विषयाला लागतो. नोकरीत असताना मी सगळ्या जगाबद्दल लिहिलं, टपालाबद्दल चकार शब्द नाही. १९६४ चे वर्तणूक नियम आहेत, केंद्र सरकारच्या नोकरानं सरकारवर जाहीर टीका करायची नाही. त्यामुळे पाणपोया, पाट्या, झाडं, व्याकरण. निवृत्त झालो त्या संध्याकाळी टपालावर पत्र लिहायला बसलो, तर पहाटेपर्यंत संपेना. गेल्या सप्टेंबरात रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं, त्यावर एकट्यावर माझी चार पत्रं गेली. एक छापून आलं. दोन ओळी.

तर लोकहितवादी. भराभर सांगतो.

गोपाळ हरी देशमुख, जन्म १८२३. मुंबईला भाऊ महाजनांचं 'प्रभाकर' साप्ताहिक होतं, १८४१ मध्ये निघालेलं. त्यात १८४८ पासून 'लोकहितवादी' या सहीनं पत्रं यायला लागली. आपण 'शतपत्रे' म्हणतो, आहेत १०८. लिहायला लागले तेव्हा वय पंचवीस. आपण फोटोतली पगडी बघतो आणि त्यांना कायम साठीचे समजतो. सरकारी नोकरी होती, म्हणून टोपणनाव. त्याच १८४८ साली पुण्यात ग्रंथालय उभं राहिलं, आजचं पुणे नगर वाचन मंदिर, त्यातही हे पुढे. म्हणजे दिवसा कचेरी, मग ग्रंथालयाची खटपट, आणि उरलेल्या वेळात आपल्याच लोकांना खरमरीत पत्रं. आळसाबद्दल, जातीच्या अहंकाराबद्दल, विधवांच्या हालांबद्दल, अर्थ न कळता पाठ केलेल्या विद्येबद्दल. लोकांना राग आला. येणारच.

माझं म्हणणं एवढंच की आपल्याकडच्या लेखनाचा बराच मोठा भाग नोकरदार माणसाच्या उरलेल्या वेळात लिहिला गेलाय. आपण ग्रंथकार मोजतो, हा उरलेला वेळ मोजत नाही. केशवसुत शाळामास्तर. मर्ढेकर आकाशवाणीत. वेलणकर, मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेले, टपालखात्यात. मी या ओळीत स्वतःला बसवत नाहीये, समोरून कुणीतरी हसलं म्हणून सांगतो. मी त्या गाडीच्या टपालडब्यात आहे. पण गाडी तीच. हौशी लिहिणाऱ्याची कुणी वाट बघत नाही. त्याला मुदत नाही, मानधन नाही, तो एक आठवडा चुकला तर कुणाचा फोन येत नाही. म्हणून त्याला जे दिसतं ते तोट्यांच्या उंचीएवढं बारीक असतं. पगारी बातमीदार पाणपोईच्या उद्घाटनाला येतो, छत्रीनं मोजत बसत नाही. त्याचं चुकतं असं नाही, त्याला संध्याकाळी दुसरं उद्घाटन असतं.

चिठ्ठी. 'तीन.' बरं.

मागणी सांगतो, ती सांगायलाच आलो होतो. माझ्या जावक वहीत २,११४ पत्रांच्या नकला आहेत. छापून आली ६३८. उरलेली १,४७६ कुठेच नाहीत, आणि छापलेल्यांतलीही बरीचशी अर्धविरामापर्यंतच आहेत. जुने अंक ग्रंथालयं जपतात, तेव्हा कापलेलं जपलं जातं आणि कापण्याआधीचं रद्दीत जातं. शंभर वर्षांनी कुणी १९९१ च्या पाणपोयांवर अभ्यास करायला बसलं, तर त्याला पुरावा काय मिळेल? 'उत्तम व्यवस्था.' सहीसकट, माझ्या. या गावात माझ्यासारखे निदान सहा-सात जण मला माहीत आहेत. दोघे समोर बसलेत, मान खाली घालून. प्रत्येकाच्या घरी वह्या आहेत, आणि प्रत्येकाच्या सुनेचा त्या माळ्यावर डोळा आहे. वाचनालयानं एक कपाट द्यावं. लोखंडी. लाकडी नको, वाळवीला आमची पत्रं संपादकांपेक्षा जास्त आवडतात. माझ्या अकरा वह्या मी आजच आणल्यात.

त्या मागच्या टेबलावर आहेत, बघायला हरकत नाही. पहिल्या तीन वह्यांतली कात्रणं गव्हाच्या खळीनं चिकटवलेली आहेत, पानं कडक झालीत, सावकाश उलटा. पाणपोई वही दोन, पान ४१. भडंग त्याच टेबलावर ठेवलंय असं दिसतंय. कार्यवाह, ते तेवढं खिडकीकडे सरकवा. ज्यांनी आधीच घेतलंय त्यांनी हात पुसून मगच वहीला हात लावा.