तगडा पीसी, रांगणारा गेम

(दादरच्या एका सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पंखे कुणी बंद केले? लावा परत. आजच्या विषयात पंख्याला फार मान आहे.

बाहेर फलकावर ‘फ्रेम रेट आणि फ्रेम टाइम’ असं लिहिलंय. त्यावर येतोच. तुम्ही सगळे खेळणारे, निदान खेळणाऱ्यांची बिलं भरणारे (हशा), तेव्हा एफपीएस, म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांची, फ्रेमची, संख्या, यावर जास्त वेळ घालवत नाही. लाख-दीड लाखाचा पीसी घरात आहे आणि गेम मात्र गणपतीतल्या लालबागच्या रांगेसारखा सरकतोय, हे आपलं दुखणं. माझं म्हणणं एवढंच आहे की बिलावर एक आकडा छापलेला असतो आणि मशीन चालत असतं भलत्याच आकड्यावर. बिल आपण कपाटात जपून ठेवतो. दुसरा आकडा बघायची तसदी कुणी घेत नाही.

कारण आपल्याकडे त्यावर रामबाण औषध आहे: फॉर्मॅट, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकणं. गेम अडकतोय? फॉर्मॅट मारा. आवाज येत नाही? फॉर्मॅट मारा. पंखा घरघरतोय, तरी फॉर्मॅट!

घरोघरी घडणारा प्रसंग सांगतो. नावं घेत नाही, कारण तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ आत्ताच खाली बघायला लागलेत. मुलगा बारावी झाला, वडिलांनी दिलेला शब्द पाळला. लॅमिंग्टन रोडवरून पीसी जुळवून आणला. आता त्या रस्त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण टॅक्सीवाल्याला तसं सांगितलंत तर तो तुम्हालाच पत्ता विचारेल. तर आरटीएक्स ४०७० हे गेमचं चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड, १४४०पी रिझोल्यूशनचा, सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा, म्हणजे १६५ हर्ट्झचा मॉनिटर, सगळं साग्रसंगीत. वडील मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून टेबलाखाली शिरले. कॅबिनेटच्या मागे एचडीएमआयची भोकं दोन ठिकाणी असतात. वरचं यूएसबीच्या शेजारी, ते मदरबोर्डचं, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डाचं. खाली आडव्या पट्टीवर, बहुतेक डिस्प्लेपोर्ट नावाच्या तीन भोकांच्या सोबतीला, ते कार्डाचं. वाकलेल्या माणसाच्या हाताला आधी वरचं लागतं. केबल कुठली, तर जुन्या सेट-टॉप बॉक्सची. चित्र आलं, पेढे वाटले. गेम लावला आणि स्लाइड शो सुरू झाला.

दुकानात फोन केला. उत्तर अर्थातच फॉर्मॅट. झालं. शंभर जीबीचा गेम पुन्हा उतरवला, पुन्हा तेच. मग रॅम वाढवली. मग एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, बदलला. शेवटी कॅबिनेट मांडीवर घेऊन टॅक्सीनं दुकान गाठलं. तिथे काउंटरवरच्या मॉनिटरची केबल तिथल्या पोऱ्यानं सवयीनं कार्डाला लावली आणि गेम लोण्यासारखा पळाला. “साहेब, इथे तर चालतंय की!” घरी आणलं, परत स्लाइड शो. दुकानात चालतं, घरी चालत नाही, म्हणजे घराच्या विजेत दोष. आजीचं मत, टेबल दक्षिणेला आहे. (हशा) इन्व्हर्टरची चौकशी सुरू झाली, तेवढ्यात डोंबिवलीचा मावसभाऊ राहायला आला. त्यानं मागे हात घालून केबल वरून काढून खाली लावली आणि गेम पळाला. इतके दिवस महागडं कार्ड रिकामं बसलं होतं, चित्र काढत होता बिचारा प्रोसेसर.

हसू नका, यात एक तांत्रिक खुबी आहे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतो, त्यांच्यात अंगचं ग्राफिक्स चालू नसतं. तिथे वरच्या भोकात केबल लावली तर पडदा काळाच राहतो, माणूस लगेच सुटतो. फसतो तो जास्त पैसे देऊन बिनएफवाला घेणारा, किंवा एएमडी कंपनीचा रायझन ७००० प्रोसेसर घेणारा, कारण त्यातल्या बहुतेकांत छोटंसं ग्राफिक्स असतंच, चित्र दाखवण्यापुरतं. त्यात विंडोज कधीकधी शहाणपणा करून गेम खऱ्या कार्डावर चालवते आणि तयार चित्र मदरबोर्डच्या भोकातून बाहेर काढते. तेव्हा गेम अगदी रांगत नाही, नुसता लंगडतो. आणि लंगडणाऱ्या गेमवर कुणाला संशय येत नाही.

केबल खाली लावली तरी सुटका नाही. मॉनिटर बिलावर १६५ हर्ट्झचा, विंडोज त्याला ६० वर चालवत असते. सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, त्यात अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथे रिफ्रेश रेट, म्हणजे हा हर्ट्झचा आकडा, स्वतः निवडावा लागतो. १६५ यादीत दिसतच नसेल तर सेट-टॉप बॉक्सच्या केबलला निरोप द्या आणि डिस्प्लेपोर्टची लावा. बऱ्याचदा ती मॉनिटरच्या खोक्यातच थर्माकोलखाली पडलेली असते.

आता रॅम. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी. उजवीकडे खाली दोन ओळी वाचा: वेग किती, आणि किती स्लॉट, म्हणजे रॅमच्या पट्ट्या किंवा स्टिक बसायच्या खाचा, भरलेत. बिलावर डीडीआर५ (ही रॅमची पिढी) ६००० असतं, इथे दिसतं ४८००. रॅम खोटी नाही. ६००० हा वेग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये, जाऊन चालू करावा लागतो. इंटेलच्या बोर्डावर त्या पर्यायाचं नाव एक्सएमपी, एएमडीच्या नव्या बोर्डांवर एक्सपो. पीसी सुरू होताना डिलीट दाबत राहा, बहुतेक बोर्डांवर पहिल्याच पानावर दिसतो. चालू करा, एफ१० नं सेव्ह करा. आणि आता नीट ऐका, कारण इथेच लोक घोटाळा करतात. रायझन ७००० च्या बोर्डावर यानंतर पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. बोर्ड रॅमशी ओळख करून घेत असतो. घाबरून बटण दाबू नका, चहा टाका. चहा पिऊन झाला तरी काळाच असेल, तर प्लग काढून बोर्डावरची नाण्यासारखी बॅटरी, सीआर२०३२, पाच मिनिटं बाहेर ठेवा. सगळं मूळ वेगावर परत येतं.

दुसरी ओळ स्लॉटची. ३२ जीबी एकाच स्टिकमध्ये देतात आणि वर सांगतात, “पुढे वाढवता येईल.” त्यापेक्षा १६-१६ च्या दोन घ्या. एका स्टिकची वाट ६४ बिट रुंद, दोघींची मिळून १२८. डीडीआर५ ची एकच स्टिक आतून दोन चॅनलची असते हे खरं, पण ते ३२ अधिक ३२ असतात. चपाती अर्धी केली म्हणून दोन होत नाहीत. दोन्ही स्टिक शेजारी-शेजारी खोचू नका. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा. आणि चारही भरायचा मोह नको. रायझन ७००० ला चार स्टिकवर एएमडीनं अधिकृत वेग सांगितलाय ३६००. ज्यांनी हौसेनं चार भरल्यात त्यांनी घरी जाऊन बघावं, आज नाही बघितलं तरी चालेल, झोप लागणार नाही. (हशा)

आता आपली मुंबई. कार्ड आणि प्रोसेसर खोलीच्या हवेनं थंड होतात, त्यामुळे खोली दहा अंशांनी तापली की आतलं तापमानही साधारण तेवढंच चढतं. एसीतल्या २४ अंशांवर धावणारा पीसी मे महिन्याच्या दुपारी ३४ अंशांत दमतो, म्हणजे स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. तशात आपण कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या कप्प्यात कोंबतो, मागे भिंत, पुढे काचेचं पॅनल. साधी परीक्षा करा. गेम चालू ठेवून बाजूचं झाकण काढा आणि पंधरा मिनिटं थांबा. तापमान आठ-दहा अंश उतरलं तर दोष हवेच्या वाटेचा, कार्ड निर्दोष. जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, एनव्हिडियाच्या आरटीएक्ससारख्या कार्डांना त्यात ‘परफकॅप रीझन’ ही ओळ असते. कार्ड का थांबलंय याचं कारण ते स्वतःच तिथे लिहितं. ‘थर्म’ दिसलं तर उष्णता, ‘पॉवर’ दिसलं तर विजेची मर्यादा. ही दुसरी नेहमीचीच, तिला घाबरू नका. तसंच, रायझन ७००० भर कामात ९५ अंशांवर जातो म्हणून फोन करू नका, बहुतेक मॉडेल तिथवर जायलाच बनवलेत. तापमानासोबत क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, बघा. तो पडत असेल तरच काळजी.

देवघर आणि पीसी एकाच खोलीत असेल तर उदबत्तीच्या धुरानं पंख्यावरची धूळ चिकट होते, नुसत्या फुंकरीनं निघत नाही. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो भरमसाट फिरून बेअरिंग जातं. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी रॅमचे पिवळे काटे पांढऱ्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसावेत, प्लग काढूनच. आणि नवीन कूलर बसवताना त्याच्या तळाचा प्लॅस्टिकचा पातळ कागद काढा. काढत नाहीत हो लोक! वर छापलेलंही असतं, तरी त्यावरच उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट लावतात.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं उरलीत, मागे वडे निवतायत. आता फलकावरचा विषय, जरा पळत.

६० एफपीएस म्हणजे एका फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद, हाच फ्रेम टाइम. १४४ ला ६.९४. पण सरासरी फसवते. दादरला बारा मिनिटांत चार लोकल आल्या, सरासरी तीन मिनिटांना एक. पण चारही पहिल्या चार मिनिटांत आल्या आणि पुढची आठ कोरडी गेली, तर फलाटाचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. गेमचंही तेच. ५९ फ्रेम १२ मिलिसेकंदांच्या आणि एकच २९२ ची, बेरीज बरोबर एक सेकंद. काउंटर ६० दाखवतो आणि तुम्ही मेलेले असता. म्हणून आफ्टरबर्नर आणि रिव्हाट्युनर ही सॉफ्टवेअर लावून फ्रेम टाइमचा आलेख बघा. रेघ सपाट हवी. नोंद ठेवायची असेल तर कॅपफ्रेमएक्स किंवा प्रेझेंटमॉन घ्या आणि सरासरीशेजारी ‘वन पर्सेंट लो’, म्हणजे सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा एफपीएस, वाचा.

मग दोषी कोण, प्रोसेसर की कार्ड? वडापावची गाडी आठवा. प्रोसेसर वडे वळून देतो, कार्ड तळतं. वळणारा मंद असेल तर कढई कितीही मोठी आणा. खेळताना कार्डाचा वापर ९७-९९ टक्के असेल तर कार्ड कमी पडतंय. सावल्या आणि रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब) उतरवा, डीएलएसएस किंवा एफएसआर (लहान चित्र काढून मोठं करणाऱ्या सोयी) लावा. वापर ५०-६० वर रेंगाळत असेल तर आधी कुणी लगाम घातलाय का बघा: व्हीसिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सोय), ड्रायव्हरमधली (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली) कमाल फ्रेम मर्यादा, लॅपटॉपवर बॅटरी किंवा ६५ वॉटचा टाइप-सी चार्जर. लगाम नसेल तर बहुतेक प्रोसेसर. खात्री करायची तर रिझोल्यूशन १४४० वरून ७२० वर आणा. फ्रेम वाढल्या नाहीत की नक्की. तिथे सावल्यांऐवजी गर्दी आणि लांबचं दृश्य कमी करा. ‘प्रोसेसर तर २० टक्केच वापरतोय’ असं म्हणू नका. सोळा थ्रेडच्या, म्हणजे एका वेळी सोळा कामं हाकणाऱ्या, प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण घामाघूम झाला तरी टास्क मॅनेजर साधारण ६ टक्के दाखवतो, आणि गेम बऱ्याचदा त्या एकावरच अडलेला असतो.

व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी. ८ जीबी भरली की टेक्स्चर, म्हणजे वस्तूंवर चढवायची चित्रं, साध्या रॅममधून आणावी लागतात. आरटीएक्स ४०६० ची स्वतःची मेमरी सेकंदाला २७२ जीबी पुरवते, आणि साध्या रॅमकडची वाट जेमतेम १६ ची. टेक्स्चर अल्ट्रावरून हायवर आणा, डोळ्यांना फरक शोधावा लागेल.

नव्या भागात पहिल्यांदा शिरताना गचके बसतात आणि दुसऱ्यांदा नाही, तर शेडर, म्हणजे कार्डासाठीचे रंग-प्रकाशाचे छोटे प्रोग्राम, तयार होतायत. गेम सुरू होताना शेडरची पट्टी भरत असेल तर ती पूर्ण भरू द्या. ड्रायव्हर बदलला की हे सगळं पुन्हा होतं. फॉर्मॅट मारलात तर पुन्हा होतंच. (हशा)

दुसरी चिठ्ठी. प्रश्न वड्यांच्या टेबलाशी घेतो. ‘सर, गेम अडकतो’ एवढंच सांगू नका. घरून कुणाला तरी तीन फोटो पाठवायला सांगा: टास्क मॅनेजरचं मेमरीचं पान, गेम चालू असतानाचा फ्रेम टाइमचा आलेख कार्डाच्या टक्केवारीसकट, आणि कॅबिनेटची मागची बाजू, केबल दिसेल अशी.